खुब्याचा एमआरआय: अहवालातले शब्द समजून घेऊ

चांदूर बाजार तालुक्यात संत्र्याच्या बागेत शिडीवरून घसरणे, पऱ्हाटीत दिवसभर वाकून राबणे हे आपल्या कष्टकरी माणसांसाठी नेहमीचेच. खुबा दुखू लागला की आधी तेल चोळले जाते, मग दुखण्याची गोळी. शेवटी अमरावतीला जाऊन एमआरआय काढला जातो आणि हाती येतो इंग्रजी अहवाल. मग घरात दोनच निष्कर्ष निघतात: 'काही नाही' किंवा 'आता ऑपरेशनच'. दोन्ही घाईचे ठरू शकतात.

एक्स-रेमध्ये मुख्यतः हाड दिसते. स्नायू आणि त्याला हाडाशी बांधणारा दोर, म्हणजे टेंडन, पाहायला एमआरआय लागतो. त्यात निरोगी टेंडन काळा दिसतो. काही विशिष्ट चित्रांत पाणी आणि सूज पांढरी उमटते. काळ्या दोरात पांढरे दिसले, की तिथे इजा असण्याची शक्यता असते.

अहवालातले नेहमीचे शब्द असे:

टेंडिनोसिस: टेंडन झिजून जाड झाला आहे, तुटलेला नाही.
पार्शल टेअर: दोराचे काही धागे तुटले आहेत.
कम्प्लीट टेअर: दोर पूर्ण तुटला. सोबत 'रिट्रॅक्शन' असेल तर तुटलेले टोक मागे ओढले गेले आहे.
बर्सायटिस: हाड आणि टेंडन यांच्यामधली पाण्याची पिशवी सुजली आहे.
फॅटी अ‍ॅट्रोफी: स्नायूची जागा चरबीने घेतली, म्हणजे दुखणे बहुधा जुने आहे.

पण शब्दाइतकीच दुखण्याची जागा महत्त्वाची. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखते, त्या कुशीवर झोपता येत नाही, तर बहुधा ग्लुटियस मीडियस किंवा मिनिमसचा टेंडन दुखावलेला असतो. चाळिशीनंतरच्या महिलांत हे अधिक आढळते. बसताना बुडाचे हाड दुखते, तर हॅमस्ट्रिंग. जांघेत दुखते, तर बहुधा खुद्द सांधा. सांध्याच्या वाटीची कड, म्हणजे लॅब्रम, फाटलेली दिसूनही काहींना काडीचा त्रास नसतो. म्हणून चित्र आणि दुखणे जुळते का, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे. टेंडनच्या बऱ्याच इजा विश्रांती आणि योग्य व्यायामाने आटोक्यात येतात. पूर्ण तुटलेल्या टेंडनबाबत मात्र वेळ दवडू नये.

आपल्या समाजाने आणखी एक शब्द लक्षात ठेवावा: 'एव्हीएन', म्हणजे एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. यात रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचा गोळा मरू लागतो. विदर्भात आदिवासी आणि अनुसूचित जातींत, अर्थातच बौद्ध कुटुंबांतही, सिकलसेल आढळतो. या आजारात विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात. त्यामुळे ऐन तारुण्यातही गोळा खराब होऊ शकतो. स्टेरॉइड आणि दारूचा अतिरेक ही इतर कारणे. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसतो, एमआरआयमध्ये मात्र एव्हीएन लवकर कळतो. सिकलसेलग्रस्त तरुणाची जांघ दुखत असेल, तर 'नस दबली' म्हणून तेल चोळत बसू नका.

केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू केले. सरकारी दवाखान्यात रक्ततपासणीची चौकशी करा. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. पण घरात कोणाला सिकलसेल असेल, तर खुब्याच्या डॉक्टरांना ते आधी सांगा.

तपासणीपूर्वी पेसमेकर किंवा शरीरात धातू असल्यास कळवा. डॉक्टरांकडे जाताना नुसता कागद नको, फिल्म किंवा सीडीही न्या. आणि विचारा: माझे दुखणे या चित्राशी जुळते का? टेंडन किती तुटला? हाडाचा गोळा शाबूत आहे ना?