सहाव्या कोर्टावरची मुलगी

मनमाडला गाडी बदलून दौंडच्या बाजूस निघाले म्हणजे येवला, कोपरगाव, पुणतांबा मागे पडते आणि पुढे बेलापूर स्टेशन लागते. स्टेशनाचे नाव बेलापूर, पण उतरणारा माणूस जातो तो श्रीरामपुरास. आम्हां नांदगावकरांना हा उसाचा, साखरेचा मुलूख तसा शेजारचाच. आज ज्या पेशाविषयी आम्ही लिहीत आहो तो मात्र सातासमुद्रापलीकडचा आहे. त्याचा आपला संबंध जुळतो तो १९९६ साली श्रीरामपुरात जन्मलेल्या ऋतुजा भोसले या मुलीमुळे. २०१४ मध्ये ती टेनिस खेळण्यासाठी आणि शिकण्यासाठी अमेरिकेतील टेक्सस ए अँड एम विद्यापीठात गेली. (या नावातील ‘ए’ मुळात शेतीचा आणि ‘एम’ यंत्रविद्येचा, राहुरीच्या मंडळींना हे विद्यापीठ घरचेच वाटावे.) तेथे मुलींच्या टेनिसचा स्वतंत्र प्रशिक्षक असतो. हा गृहस्थ नेमके करतो तरी काय?

आपल्याकडे कॉलेजचा संघ म्हटला की डोळ्यांपुढे उभे राहतात ते शारीरिक शिक्षणाचे सर. गळ्यात शिट्टी, खिशात गाडीभाड्याच्या पावत्या, आणि स्पर्धा तोंडावर आली की आठ दिवसांचा सराव. त्यांना आम्ही दोष देत नाही. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सारे एकाच माणसाच्या गळ्यात घातल्यावर त्याने आणखी काय करावे? अमेरिकेतला हा प्रशिक्षक एका खेळाचा, एका संघाचा आणि बारमाही असतो. हाताखाली आठदहा मुली. त्या निवडण्यासाठी त्याची नजर जगभर फिरते, कारण त्याच्या हाती देण्यासारखे काही असते : शिष्यवृत्ती.

ही शिष्यवृत्ती काही कोणाच्या औदार्यातून आलेली नाही. १९७२ साली तेथे एक कायदा झाला. सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष असा भेद करू नये, एवढाच त्याचा आशय. त्या कलमात खेळाचे नावसुद्धा नाही! पण मुलांच्या फुटबॉलवर शिष्यवृत्त्यांची खैरात करणाऱ्या विद्यापीठांना मुलींच्या बाजूचे पारडे भरणे भाग पडले. त्यामुळे २०२५ मध्ये नियम बदलेपर्यंत वरच्या श्रेणीच्या विद्यापीठाला मुलींच्या टेनिससाठी आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, मुलांच्या टेनिससाठी फक्त साडेचार. मुलीच्या जातीला मुलापेक्षा अधिक मिळाल्याचे असे उदाहरण आम्हांस तरी दुसरे ठाऊक नाही.

आता सामन्याची रीत. टेनिस हा एकट्याचा खेळ, असा आपला समज. कॉलेजात मात्र तो संघाचा होतो. आधी दुहेरीचे तीन सामने. त्यांतले दोन जिंकणाऱ्या संघास मिळून एक गुण. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येकाला एक गुण. एकूण सात, चार मिळाले की जिंकले. म्हणजे पहिल्या कोर्टावरच्या नामांकित खेळाडूचा विजय आणि सहाव्या कोर्टावरच्या, जिचे नाव वर्तमानपत्रात कधी येणार नाही अशा मुलीचा विजय, दोन्ही तराजूत सारखेच. ज्याला फक्त पहिली मुलगी दिसते तो येथे टिकत नाही. शिवाय खेळ चालू असताना प्रशिक्षकाला कोर्टावर जाऊन खेळाडूशी बोलता येते. कोणत्या कोर्टावर उभे राहायचे हे मात्र त्यालाच ठरवावे लागते.

पण आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट कोर्टाबाहेरची. हंगामातला सराव आठवड्याला फार तर वीस तास, असा नियम आहे. आणि अभ्यासात मागे पडलेल्या मुलीला खेळता येत नाही. म्हणून मुलगी परीक्षेत नापास झाली तर घोर लागतो तो प्रशिक्षकालाही. त्याची भाकरी तिच्या गुणपत्रिकेवर अवलंबून! आपल्या गावात दहावी-बारावीचे वर्ष आले की रॅकेट माळ्यावर जाते, ती पुन्हा खाली येते ती धाकट्या भावासाठी. आईबाप वाईट असतात असे नव्हे. खेळ आणि अभ्यास यांपैकी एकच निवडा, असा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला जातो, आणि कोणताही शहाणा बाप अभ्यासच निवडील.

टेक्सस ए अँड एमची हकिकत या पेशाचे ऊनपाऊस दाखविते. २०१३ साली हॉवर्ड जॉफी यांचा संघ राष्ट्रीय अंतिम फेरीत पोहोचला आणि स्टॅनफर्डकडून ४-३ असा हरला. एका गुणाने! ऋतुजा आली तेव्हा जॉफीच मुख्य प्रशिक्षक होते. २०१५ मध्ये ते त्याच राज्यातील ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात गेले. म्हणजे शेजारच्या वाड्यातच, आणि वैरही तसेच भाऊबंदकीचे. तेथे त्यांनी २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळविली. मागे राहिलेल्या संघाची सूत्रे त्यांचे सहकारी मार्क वीव्हर यांच्याकडे आली. वरिष्ठाने लावलेल्या झाडाची राखण करण्याचे काम. फळ आले तर श्रेय जुन्याचे, न आले तर दोष नव्याचा. वीव्हर यांना नऊ वर्षे थांबावे लागले. २०२४ च्या मे महिन्यात जॉर्जिया विद्यापीठाला ४-१ असे हरवून त्यांनी टेक्सस ए अँड एमला मुलींच्या टेनिसचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले.

ऋतुजा २०१७ पर्यंत तेथे खेळली. हे अजिंक्यपद तिच्या वाट्याला आले नाही. तिचे फळ निराळ्या फांदीला लागले. ३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धांच्या मिश्र दुहेरीत, त्रेचाळीस वर्षांच्या रोहन बोपण्णांच्या जोडीने, तिने सुवर्णपदक मिळविले. तैपेईच्या जोडीने पहिला सेट ६-२ असा घेतला होता. दुसरा यांनी ६-३ ने जिंकला आणि निर्णायक टायब्रेक १०-४. पहिला सेट गेल्यावर जोडीदाराकडे न चिडता पाहण्याची सवय दुहेरीतच लागते, आणि कॉलेजात तर प्रत्येक सामन्याचा आरंभच दुहेरीने होतो.

वीव्हर यांच्या संघापुढे २०२५ च्या अंतिम सामन्यात पुन्हा जॉर्जियाच उभे होते. या खेपेस टेक्सस ए अँड एमला एकही गुण मिळाला नाही, निकाल ४-०.