एकच तार, तीन सेवा आणि मराठी वाहिन्या

टेलिफोन, इंटरनेट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही सेवा आता एकाच तारेने घरात येऊ शकतात. बेळगाव-निपाणीकडील मराठी घरांपुढे त्यामुळे जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. या तारेतून मराठी वाहिनी येणार की नाही, हे ठरवायचे कोणी?

तांब्याच्या तारेवर आपला आवाज ४,००० हर्ट्झच्या आतच मावतो. वरची जागा रिकामी असते. तिचाच उपयोग करून बी.एस.एन.एल.ने २००५ साली ब्रॉडबँड सुरू केले. बोलणे चालू असतानाही इंटरनेट चालते, याचेच तेव्हा केवढे अप्रूप! ऑप्टिकल फायबरची तऱ्हा निराळी. एक्स्चेंजमधून निघालेला एक धागा वाटेत फाटे फुटून साधारण ३२ किंवा ६४ घरांना जातो. म्हणजे तार सामाईक.

जुन्या केबलमध्ये सगळ्या वाहिन्या एकदम घरोघर वाहत. ‘जागा नाही’ ही चालकाची सबब तेव्हा काही अंशी खरी होती. आय.पी.टी.व्ही.मध्ये मात्र आपण बटण दाबू तीच वाहिनी आपल्या घरी उतरते. गल्लीतील दहा घरांनी एकाच वेळी तीच मराठी वाहिनी लावली, तरी सामाईक धाग्यावर ती एकदाच पाठवता येते. शेजारच्या कन्नड घराच्या कार्यक्रमांना त्याने धक्का लागत नाही.

अडते ते वर. वाहिन्यांचे करार कंपनी करते आणि त्या तिच्या मुख्य केंद्रातून सुटतात. तिथे ‘एक राज्य, एक भाषा’ असा हिशेब झाला, की सीमाभाग कोरडा राहिलाच. ‘ट्राय’च्या नियमांमुळे फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाला सुटी वाहिनी निवडता येते, आय.पी.टी.व्ही.वरही. पण केंद्रावर जी वाहिनी नाही, ती निवडणार कशी? घटनेत १९५६ साली आलेले ३५० अ कलम मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाचे आहे. वाहिन्यांच्या पॅकेजचा विचार तेव्हा कोण करणार!

मोबाईलवर सगळे मिळते, असे मुले म्हणतात. मिळतेही. पण आजीला रिमोटच बरा.

तेव्हा जोडणी घेताना तयार पॅकेजवर नुसती सही करू नये. हव्या त्या मराठी वाहिन्यांची नावे लेखी द्यावीत, पोच घ्यावी. गल्लीतील घरांनी एकत्र अर्ज दिला तर अधिक बरे, आणि तोही फायबर गल्लीत शिरण्यापूर्वी. एकदा जोडण्या देऊन झाल्या, की मग कंपनीचा माणूस फिरकायलाही आठवडा लावतो.