आधी मोजा, मग जोडा

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी मिक्सरची भांडी आणि तुटके रिमोट यांच्यामध्ये कधीतरी एक काळा, चपटा कीबोर्ड पडलेला दिसतो. विकणारा तो कीबोर्ड म्हणूनच विकत असतो. उचलून मागची बाजू पाहिली की बोर्डाची उघडी कडा, कॅसेट रेकॉर्डरची दोन भोकं आणि टीव्हीचं सॉकेट दिसतं. हा नुसता कीबोर्ड नाही, अख्खा संगणक आहे. २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडमध्ये सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम जाहीर केला, १९८४ मध्ये त्याचा भाऊ स्पेक्ट्रम प्लस आला, आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्याच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने आपल्याकडे विकला.

मी असे संगणक गोळा करतो आणि दुरुस्त करतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. ही यंत्रं माळ्यावर पस्तीस-चाळीस वर्षं तग धरतात आणि नव्या मालकाच्या हाती आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मरतात. मारणारा माणूस निष्काळजी नसतो, त्याला कुणीतरी चुकीची माहिती दिलेली असते.

‘लावून तर बघू, चालला तर चालला’

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच. स्पेक्ट्रमला चालू-बंदचं बटणच नाही. पिन खोचली की यंत्र सुरू. त्याच्या सॉकेटात आजच्या राउटरच्या अॅडॉप्टरची पिन अगदी नीट बसते, त्यावर ९ व्होल्टही लिहिलेलं असतं, आणि माणूस निर्धास्त होतो. पण बहुतेक अॅडॉप्टरांच्या पिनेत मधोमध प्लस असतो, स्पेक्ट्रमला मधोमध मायनस लागतो. वीज उलटी शिरते आणि आतला वीजपुरवठ्याचा भाग जातो. माझ्या ओळखीत दोन यंत्रं अशी गेली, दोन्ही त्याआधी चालू स्थितीत होती.

उलट बाजूचा गैरसमजही आहे. मूळचा सिंक्लेअरचा अॅडॉप्टर मल्टिमीटरवर मोजला तर ९ ऐवजी १२ ते १४ व्होल्ट दाखवतो, आणि लोक तो बिघडला म्हणून फेकतात. तो बिघडलेला नसतो. त्यात व्होल्टेज बांधून ठेवणारा रेग्युलेटर नाही, तो संगणकाच्या आत बसवलेला आहे. भार पडला की आकडा खाली येतो. नवा ९ व्होल्टचा अॅडॉप्टर घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, मात्र प्लस-मायनसची दिशा तपासा आणि तो किमान दीड अँपिअरचा असू द्या. तीन अँपिअरचा घेतला म्हणून काही जळत नाही. यंत्र हवी तेवढीच वीज ओढतं, ढकलली जातात ती व्होल्टं.

मोजण्याचा एवढा आग्रह का, ते बोर्ड पाहिल्यावर कळतं. स्पेक्ट्रमच्या पहिल्या १६ किलोबाइट स्मृतीसाठी ४११६ क्रमांकाचे आठ आयसी आहेत. त्यांना एकाच वेळी तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात: अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५. बाहेरून येणाऱ्या ९ व्होल्टांतून ही तिन्ही आतच तयार होतात आणि त्या कामातला एक चिमुकला ट्रान्झिस्टर या यंत्राचा सगळ्यांत नाजूक अवयव आहे. तो गेला आणि उणे ५ नाहीसे झाले, पण १२ चालूच राहिले, तर स्मृतीचे आयसी एकामागून एक दगावतात. पडद्यावर पट्ट्या किंवा ठिपके दिसतात, आणि माणूस ‘थोडा वेळ राहू दे, कदाचित येईल’ म्हणून यंत्र तसंच चालू ठेवतो. तेवढ्यात उरलेलेही जातात. म्हणून आधी बंद स्थितीत कुठे शॉर्ट आहे का ते पाहायचं, मग काही सेकंदच वीज देऊन तिन्ही आकडे घ्यायचे. यंत्र चालू असताना मागच्या कडेला जॉयस्टिकचा इंटरफेस लावणं-काढणं हे त्या ट्रान्झिस्टरचं जुनं मरण आहे. उघड्या कडेवर पिना तसूभर सरकल्या तरी शॉर्ट होतो.

कमोडोर ६४ चं दुखणं नेमकं उलटं. त्याचा रेग्युलेटर अॅडॉप्टरच्या ठोकळ्यातच आहे, तोही इपॉक्सीत गाडलेला, त्यामुळे तापतो आणि दुरुस्तही करता येत नाही. तो बिघडतो तेव्हा ५ व्होल्टांचे सहा-सात होतात आणि थेट आयसींवर पोचतात. मूळ ठोकळ्याने आज बरोबर आकडा दाखवला तरी अर्ध्या तासाने तो काय करील याची खात्री नसते. माझं स्वच्छ मत आहे की तो ठोकळा कपाटात शोभेला ठेवावा आणि यंत्राला नवा वीजपुरवठा द्यावा. नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेला कमोडोर असेल तर ठोकळा १२० व्होल्टांचा असतो. आपल्या २३० च्या सॉकेटात तो लावायचाच नाही.

‘जुनं यंत्र म्हणजे सगळे कपॅसिटर बदलायचे’

हा सल्ला सरसकट दिला जातो आणि त्याने बरीच चांगली यंत्रं बिघडतात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचे पायांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पुष्कळदा आजही ठीक असतात. खरी अडचण दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या सुरुवातीला आलेल्या, बोर्डावर चपटे बसणाऱ्या कपॅसिटरांची आहे. अमिगा ६०० आणि १२००, मॅकिंटॉश क्लासिक यांतले असे कपॅसिटर बुडातून गळतात आणि तो द्रव ट्रॅक खातो. तिथे वाट पाहू नये. स्पेक्ट्रमचे कपॅसिटर स्वस्त आहेत, बदलले तर वाईट नाही. पण नवशिक्या हातांनी बोर्ड तापवून ट्रॅक उचलला, तर मूळ बिघाडात आपण दुसरा घालतो. आधी यंत्र काय सांगतंय ते ऐकावं.

एका कपॅसिटरबाबत मात्र मी मोजायलाही थांबत नाही. बीबीसी मायक्रो हा इंग्लंडच्या शाळांमधला संगणक. भारतातही १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पात तोच शाळाशाळांत गेला. त्याच्या वीजपुरवठ्यात रिफा जातीचे पारदर्शक पिवळसर कपॅसिटर असतात. त्यांच्या आत कागद आहे. वरच्या आवरणाला बारीक भेगा जातात, त्यांतून दमट हवा आत शिरते, आणि कित्येक वर्षांनी यंत्र लावलं की दहा-पंधरा मिनिटांनी फट् आवाज होऊन खोलीभर उग्र धूर पसरतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरातून आलेलं यंत्र असेल तर भेगा दिसोत न दिसोत, हे कपॅसिटर आधी काढा. ते थेट घरच्या विजेवर बसतात, म्हणून जागी ‘एक्स२’ वर्गाचेच घाला. ड्रॉवरमध्ये पडलेला कुठलाही चालणार नाही.

‘बॅटरीचं अॅसिड सांडलंय, खायचा सोडा लावा’

अमिगा ५०० प्लस आणि २००० मध्ये, तसंच आपल्याकडच्या अनेक ३८६-४८६ पीसींच्या मदरबोर्डवर पिंपासारखी एक निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती फुटते आणि हिरवट-पांढरी बुरशी पसरते. सगळे त्याला अॅसिड म्हणतात. ते अॅसिड नाही, अल्कली आहे. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. त्यावर सोडा लावून काही होत नाही. बॅटरी कापून काढायची, डागावर पांढरं व्हिनेगर लावायचं, नंतर डिस्टिल्ड वॉटरने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचं. बोर्डाला पाणी लागलं की संपलं, हीही समजूत खरी नाही. वीज नसताना धुतलेला आणि पूर्ण वाळवलेला बोर्ड ठीक असतो. ओल्या बोर्डाला वीज देणं घातक. असं यंत्र घरी आणल्यावर ते चालवायचं असो वा नसो, त्याच दिवशी बॅटरी काढून टाका.

‘पाच-सहा बटणं चालत नाहीत, म्हणजे कीबोर्ड गेला’

इथे विकत घेणाऱ्याचा फायदा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. स्पेक्ट्रमच्या बटणांखाली प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, आणि त्याच्या दोन शेपट्या बोर्डात खोचलेल्या असतात. एकीत पाच तारा, दुसरीत आठ. मूळच्या चाळीस बटणांची आठ गटांत वाटणी आहे, प्रत्येक गटात पाच. १ ते ५ हा एक गट, क्यू ते टी हा दुसरा, असं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने शेपूट कडक होते आणि यंत्र उघडताना कडेशी चिरते. म्हणून एका ओळीतली शेजारशेजारची पाच बटणं मेली असतील तर आठातली एक तार तुटली असं समजा. १, क्यू, ए, शिफ्ट आणि पलीकडे ०, पी, एंटर, स्पेस अशी दोन्ही कडांची आठ बटणं मेली असतील तर पाचातली तार. बटणं शाबूत आहेत, संगणकही शाबूत आहे. नवे पडदे आजही तयार होतात. पुष्कळदा तर शेपटीचं चिरलेलं टोक कात्रीने सरळ कापून पुन्हा खोचलं की काम होतं. विकणारा ‘कीबोर्ड खराब’ म्हणून किंमत उतरवत असेल तर घासाघीस न करता घ्या.

पिवळा रंग, अर्धे आयसी, भारी किंमत

पिवळं पडलेलं प्लॅस्टिक मळलेलं नसतं आणि ते सिगारेटच्या धुरानेच होतं असंही नाही. त्या काळच्या एबीएस प्लॅस्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमीनयुक्त रसायनं घालत, आणि अतिनील किरणांनी रंग बदलतो. २००८ पासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी तो परत पांढरा करण्याची रीत प्रचलित आहे. रंग उतरतो, पण काही वर्षांत पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो, कधी अंधाऱ्या कपाटातही. मी तो तसाच ठेवतो. ज्यांना करायचंच आहे त्यांनी हातमोजे आणि चष्मा विसरू नये.

४८ किलोबाइटचा स्पेक्ट्रम उघडल्यावर काहींना आत ‘नकली’ आयसी सापडतात, कारण क्रमांक ओळखीचे नसतात. ते नकली नाहीत. वरच्या ३२ किलोबाइटसाठी सिंक्लेअरने ६४ किलोबिटचे असे आयसी स्वस्तात घेतले होते ज्यांचा अर्धा भाग कारखान्यातच सदोष निघाला होता. बोर्डावरची एक जोडणी चांगला अर्धा निवडते. मला ही या यंत्रातली सगळ्यांत सुंदर युक्ती वाटते. बदलायची वेळ आली तर पूर्ण चांगला ४१६४ तिथे चालतो.

किमतीबद्दल थोडक्यात. अॅपल-१ चा एक बोर्ड २०१४ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला गेला, ही बातमी ऐकून पुष्कळ जण माळे उपसतात. पण अॅपल-१ सुमारे २०० च बनले. स्पेक्ट्रम पन्नास लाखांहून जास्त खपले, कमोडोर ६४ एक कोटीच्या वर. जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे. आणि ‘तपासलेलं नाही’ असं लिहिलेलं यंत्र बहुधा कुणीतरी तपासलेलं असतं.

‘प्लग काढला, आता धोका नाही’

संगणकाबाबत हे जवळपास खरं आहे. जुन्या टीव्हीबाबत ते जीवघेणं ठरू शकतं. पिक्चर ट्यूबच्या अॅनोडवर रंगीत संचात २० ते २५ हजार व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यानंतरही तो भार बराच काळ ट्यूबमध्ये राहू शकतो. टीव्हीचं मागचं झाकण अनुभवी मेकॅनिकशिवाय उघडू नका. स्पेक्ट्रमसाठी जुना टीव्ही लागतोच असंही नाही. त्याच्या मॉड्युलेटरमध्ये आत येतो तो सिग्नल कंपोझिटच असतो. मधली जोडणी सोडवून तो सरळ बाहेरच्या सॉकेटवर आणला की एव्ही इनपुट असलेल्या आजच्या पडद्यावर चित्र येतं, आणि बदल पुन्हा पूर्ववत करता येतो.

‘खेळ तर मोबाइलवरही मिळतात’

मिळतात, आणि उत्तम चालतात. दुकानात विकलेले खेळ जपले गेले आहेत. जपलं गेलं नाही ते घरोघरी लिहिलेलं. विकत घेताना मी यंत्राआधी कॅसेटची पिशवी विचारतो. त्यांवर बुरशी असली तरी टाकू नका. स्पेक्ट्रमची माहिती म्हणजे कॅसेटवरचा आवाजच आहे, लहान आणि लांब ठोक्यांचा. चांगल्या डेकवर लावून, नॉइज रिडक्शन बंद ठेवून, एमपी३ न करता वेव्ह फाइल करायची. नीट वाचलं जात नसेल तर हेडजवळचा छोटा स्क्रू किंचित फिरवून आवाज जिथे सर्वांत तीक्ष्ण येतो तिथे थांबायचं.

जुन्या बाजारातून आणलेल्या डीबी स्पेक्ट्रमबरोबर मला चार कॅसेट मिळाल्या. एकीवर शाईच्या पेनने ‘किराणा’ लिहिलं होतं. तिसऱ्या खेपेला स्क्रू जुळला, पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावल्या आणि महिन्याच्या सामानाची यादी उघडली, मराठीत. स्पेक्ट्रमला देवनागरी येत नाही. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला स्वतःची फक्त २१ चिन्हं देतो, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांची. कुणीतरी चौकटीच्या वहीत ठिपके भरून वेलांट्या-मात्रांसकट एकवीसच निवडली होती. ‘क्ष’ नव्हता, ‘ज्ञ’ नव्हता, ‘ठ’ही नव्हता. ‘ळ’ होता. ‘डाळ’ लिहायला तो लागतोच.