पिझ्झाचा तयार गोळा आणताय? थोडं थांबा!

शुक्रवारी ऑफिसातून येऊन मैदा मळत बसायचा उत्साह माझ्यात तरी नाही. इथे न्यू जर्सीत यीस्ट घालून मळलेला गोळा सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये मिळतो. पिशवी साधारण एक पौंडाची, म्हणजे ४५४ ग्रॅम. त्यात दोन पातळ पिझ्झे आरामात होतात (नेपल्सच्या पद्धतीत एका पिझ्झ्याला २०० ते २८० ग्रॅमचा गोळा घेतात). जवळच्या पिझ्झावाल्यालाही विचारून बघा, बरेच जण कच्चा गोळा विकतात. पिशवी फुगून टम्म झाली असेल तर घेऊ नका.

आता खरी गोम. फ्रिजमधून काढून लगेच पसरायला घेतला की गोळा रबरासारखा आखडतो. पहिल्यांदा मी वीस मिनिटं कुस्ती केली, शेवटी भारताचा नकाशा झाला! थंड ग्लूटेन ताठ असतं. तेलाचा हात लावलेल्या भांड्यात झाकून दीड-दोन तास बाहेर ठेवा. तरी आखडला तर दहा मिनिटं त्याला एकटं सोडा. आणि लाटणं कृपया लांब ठेवा, आतली हवा निघून जाते. थालीपीठ थापतो तसं मधून कडेकडे बोटांनी सरकवायचं, कड मात्र दाबायची नाही.

ओव्हन ५०० फॅरनहाइटवर, आत लोखंडी तवा (लाकडी मुठीचा नको) अर्धा तास आधीपासून तापत ठेवलेला. सॉस बेताचाच.

उरलेला गोळा तेल लावून फ्रीझरमध्ये टाका. आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढा. मायक्रोवेव्हमध्ये नको, कडा शिजतात.