फायनान्स की कन्सल्टिंग? लेखांक 11 : सहा आकडी गट नंबर

मिसळवाल्याची केस आज सुटणार नाही. चार शाखा, विक्री वाढलेली, नफा घटलेला असा तो कोल्हापूरचा मिसळवाला मागच्या आठवड्यात तुमच्या हवाली केला होता. चाळीसेक उत्तरं आलीही, त्यातली निम्मी कांद्याच्या भावावरच अडकली आहेत. तो बिचारा अजून आठवडाभर तोटा सोसेल. कारण मध्येच सांगलीहून एक मेल आला, आणि त्यातला विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा निघाला.

मेल मुलीच्या वडिलांचा. मुलगी बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांत ‘एमएस इन फायनान्स’ला प्रवेश मिळालाय. दोन्हीकडे दीड वर्षाचा कोर्स, फी जवळपास सारखी, रँकिंगमध्ये उन्नीस-बीस. ‘सर, विषयसुद्धा शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहिले. ठरवायचं कशावरून?’

मी उलट एकच प्रश्न पाठवला: कोड काय आहे?

अमेरिकेत प्रत्येक पदवीला एक सहा आकडी क्रमांक असतो. त्याला सीआयपी कोड म्हणतात. 1980 मध्ये तिथल्या शिक्षण-सांख्यिकी केंद्रानं तो काढला. कुठल्या विषयाचे किती पदवीधर बाहेर पडतात हे मोजायचं, एवढाच त्यामागचा हेतू. मोजणीचं काम, त्यामुळे पंचवीस-तीस वर्षं त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग 2008 मध्ये सरकारनं ठरवलं की विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या, म्हणजे ‘स्टेम’ यादीतल्या पदवीधरांना शिक्षणानंतर जास्त काळ नोकरी करू द्यायची. आणि यादी केली ती या कोडांची! कारकुनी आकडा एका रात्रीत नशीब ठरवायला लागला.

साधा फायनान्स म्हणजे 52.0801. तो यादीत नाही. फायनान्शिअल मॅथेमॅटिक्स म्हणजे 27.0305. तो आहे. फायनान्शिअल अ‍ॅनालिटिक्सचा 30.7104 हा कोड 2022 च्या जानेवारीत यादीत आला. गंमत अशी की पदवीचं नाव ‘एमएस इन फायनान्स’ असूनही एखादं विद्यापीठ ती 52.0801 खाली नोंदवतं, दुसरं 27.0305 खाली. प्रमाणपत्रावर अक्षरं तीच.

ज्यांच्या घरी जमीन आहे त्यांना हे लगेच कळेल. रस्त्याच्या अलीकडचा गट आणि पलीकडचा गट, माती एकच, विहीर एकच. पण एकाला बिगरशेतीचा आदेश झालाय, दुसऱ्याला नाही. भाव काय होतो, विचारा कुणाही एजंटाला.

विद्यार्थ्याचा सातबारा म्हणजे आय-ट्वेंटी. व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, आणि खाली अभ्यासक्रमाच्या चौकटीत ‘मेजर 1’ लिहिलेलं असतं, त्याला चिकटून हा आकडा. माझ्या भाच्यानं आपलं आय-ट्वेंटी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दीड वर्ष जपलं, पण ती ओळ कधी वाचली नाही. 2014 च्या डिसेंबरात त्याची पदवी झाली, न्यू जर्सीत नोकरी लागली. शिक्षणानंतरची नोकरीची मुभा, म्हणजे ओपीटी, बारा महिन्यांची. 2015 च्या एप्रिलात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या 85,000 जागांसाठी सुमारे 2,33,000 अर्ज आले आणि सोडतीत त्याचा नंबर लागला नाही. पुढची सोडत यायच्या आत मुदत संपली. त्याच खोलीत राहणारा, त्याच कंपनीत शेजारच्या टेबलावर बसणारा दुसऱ्या विद्यापीठाचा मुलगा मात्र राहिला. त्याच्या कोडाला तेव्हाच्या नियमानं 17 महिने वाढीव मिळाले होते. दुसऱ्या सोडतीत तो निघाला. भाचा परत आला, आज बीकेसीत बरा कमावतो, आणि ही गोष्ट मी सांगायला लागलो की उठून आत जातो.

2016 पासून ही वाढ 24 महिन्यांची आहे. म्हणजे एकाला एक वर्ष, दुसऱ्याला तीन. शिवाय कर्जाचं गणित घाला. आपल्या सरकारी बँकांत साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभरानं हप्ता सुरू होतो. ओपीटी संपण्याचा मुहूर्तही तोच!

विद्यापीठांना हे कळत नाही असं समजू नका. 2018 मध्ये रॉचेस्टरच्या सायमन स्कूलनं सगळ्या पूर्णवेळ एमबीएवाल्यांना स्टेमचा पर्याय खुला केला. मोठमोठ्या बिझनेस स्कूलांनी पुढे ‘मॅनेजमेंट सायन्स’च्या 52.1301 ची वाट धरली. अर्थशास्त्राच्या विभागांनीही 45.0601 सोडून इकॉनोमेट्रिक्सचा 45.0603 घेतला. काहींनी त्यासाठी गणिताचे विषय खरोखर वाढवले. बाकीच्यांबद्दल मी काही बोलत नाही.

पण नुसता कोड असून भागत नाही. वाढीव मुदतीसाठी नोकरी पदवीच्या विषयाशी जुळणारी लागते, कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणीत नोंदलेली लागते, शिकवण्याचा लेखी आराखडा तिनं सही करून द्यावा लागतो. त्यात 2025 च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली. सवलत कुणाला, यावरच अजून वकिलांची चलती आहे. ज्यांना कन्सल्टिंगमध्ये जायचंय त्यांनी तर कोडामागे धावू नये. त्या कंपन्या मुख्यत्वे एमबीएच्या वर्गात येतात, एमएसच्या वर्गाकडे त्यांचं फारसं लक्ष नसतं.

तर सांगलीकरांनी दोन्ही विद्यापीठांना मेल टाकले: या कोर्सचा सीआयपी कोड कोणता, आणि माझ्या मुलीच्या आय-ट्वेंटीवर तोच येईल ना? एका ठिकाणाहून चार तासांत 27.0305 असं उत्तर आलं. दुसरीकडून तीन दिवसांनी आलं की कोड बदलण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे. विचाराधीन या शब्दाचा अर्थ तहसील कचेरीत एकदा तरी गेलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मी कळवलं, पहिल्या ठिकाणी डिपॉझिट भरा.

त्याच रात्री पहिल्यांदा मुलीचा मेल आला. तिला क्रेडिट रिस्कमध्ये जायचंय आणि तो विषय सविस्तर शिकवतात तो ‘विचाराधीन’वाल्यांकडे. पुढे लिहिलं होतं, ‘मला तिथे एक वर्ष काम करून मुंबईत परत यायचं आहे. बारा महिने मला पुरतात. मग जास्तीच्या चोवीस महिन्यांसाठी मी नको असलेला कोर्स का करू?’

मी तिला कर्जाचा आकडा आणि व्याजदर तेवढा विचारलाय. हे सगळं इथे छापतोय ते तिच्या परवानगीनं. अंक घरी पोहोचेपर्यंत परत येण्याचं बाबांना सांगून टाकते, असं तिनं कळवलं आहे.

मिसळवाला पुढच्या रविवारी. तोवर कांदा सोडा, चौथ्या शाखेचं भाडं बघा.