पोटातली वस्ती आणि भुकेचे निरोप

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की विरजण लावून चार-पाच तास होतात न होतात तोच दही तयार होते. डिसेंबरात मात्र तेच भांडे रात्रभर उबेत गुंडाळून ठेवावे लागते. दूध तेच, विरजणही तेच, फरक तपमानाचा. विरजणातले जीवाणू उबेत भराभर वाढतात, दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे दुधातील प्रथिने घट्ट होतात.

असेच एक जीवाणूंनी भरलेले ऊबदार भांडे आपण प्रत्येकजण जन्मभर बरोबर घेऊन हिंडत असतो. ते म्हणजे आपले मोठे आतडे. तेथील तपमान बाराही महिने ३७ अंश. अन्न दिवसातून दोन-तीनदा आयते येते. ऑक्सिजन मात्र तेथे जवळजवळ पोहोचत नाही. म्हणून ऑक्सिजनविना जगणाऱ्या जीवाणूंची तेथे दाट वस्ती झालेली असते.

ही वस्ती केवढी? आपल्या शरीरातील पेशींच्या दहापट जीवाणू आपल्या अंगात असतात, असे पुष्कळ पुस्तकांत वाचायला मिळते. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या रॉन मिलो यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली हा हिशेब पुन्हा मांडला. ७० किलो वजनाच्या माणसात सुमारे ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी आणि ३८ लाख कोटी जीवाणू, असे उत्तर आले. म्हणजे दोन्ही संख्या जवळपास सारख्याच! आणि या सगळ्या जीवाणूंचे वजन अवघे २०० ग्रॅम.

आता ही वस्ती जगते कशावर ते पाहू. भातातील किंवा पोळीतील बहुतेक पिष्ट लहान आतड्यातच पचून रक्तात जाते. पण ज्वारीचा कोंडा, हरभऱ्याची साल, संत्र्याच्या फोडीवरच्या पांढऱ्या शिरांतील पेक्टिन, अशा तंतुमय पदार्थांना फोडणारी पाचकद्रव्ये माणसाजवळ नाहीत. ते तसेच पुढे मोठ्या आतड्यात जातात. तेथील जीवाणूंना मात्र ही मेजवानीच असते. ते हे तंतू आंबवतात आणि त्यांपासून मुख्यतः तीन आम्ले बनवतात: ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. पैकी ॲसेटिक आम्ल तुमच्या ओळखीचे आहे; व्हिनेगरमध्ये असते तेच हे. ब्युटिरिक आम्लावर तर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात.

या उद्योगात वायूही तयार होतात. उसळ खाल्ल्यावर पोटात गुडगुड होते तिचे कारण हेच! त्यात हायड्रोजन असतो आणि त्याचा काही भाग रक्तावाटे फुप्फुसांत येऊन श्वासाबरोबर बाहेर पडतो. माणसाच्या स्वतःच्या पेशी हायड्रोजन तयार करीत नाहीत. त्यामुळे श्वासातला हायड्रोजन मोजून डॉक्टरांना आतड्यातल्या जीवाणूंची खबर मिळू शकते.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे ऊर्जेचा जमाखर्च मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. १ ग्रॅम पिष्टापासून आपल्याला ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. १ ग्रॅम तंतू जीवाणूंनी आंबवले तर साधारण २ किलोकॅलरी. दिवसाकाठी ३० ग्रॅम तंतू पोटात गेले असे धरले, तर जास्तीत जास्त ६० किलोकॅलरी झाल्या. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे १०० किलोकॅलरी असतात. म्हणजे जीवाणूंची ही कमाई अर्ध्या पोळीहून थोडी जास्त. एवढ्याशा ऊर्जेने आपल्या वजनात किंवा रक्तातील साखरेत काय मोठा फरक पडणार?

पण विजेच्या घंटेचे बटण आठवा. बोटाचा दाब किती थोडा, आणि घंटा केवढी दणाणते! घंटेला लागणारी ऊर्जा बोटाची नसतेच. बोट फक्त मंडल पूर्ण करते. ही आम्लेही तसेच बटण दाबण्याचे काम करतात. आतड्याच्या अस्तरात काही खास पेशी विखुरलेल्या असतात. त्यांना आम्लांचा स्पर्श झाला, की त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय नावाची संप्रेरके रक्तात सोडतात. संप्रेरक म्हणजे रक्तातून जाणारा रासायनिक निरोप. जीएलपी-१ जठराला सांगते, ‘जरा सावकाश रिकामे हो.’ रक्तातील साखर वाढली असेल तर ते स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. आणि ही दोन्ही संप्रेरके मेंदूला कळवतात, ‘आता पुरे!’ याच्या उलट निरोप घ्रेलिनचा. १९९९ साली जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलेले हे संप्रेरक रिकाम्या जठरातून निघते आणि भूक चेतवते.

आपल्या शरीरातले जीएलपी-१ काही मिनिटेच टिकते. त्याच्या रेणूत फेरफार करून आठवडाभर टिकणारी औषधे आता मधुमेहावर आणि लठ्ठपणावर वापरली जातात. त्यांच्यामानाने जीवाणूंनी दाबलेले बटण फारच हलके, हे लक्षात ठेवायला हवे.

जीवाणूंमुळे वजन बदलते याला पुरावा काय? अमेरिकेतील सेंट लुइस येथे जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जन्मापासून निर्जंतुक वातावरणात उंदीर वाढवले होते. २००४ सालच्या प्रयोगात त्यांच्या आतड्यांत जीवाणू सोडल्यावर दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. आणि तीही खाणे कमी झाले असताना! २०१३ साली याहून गमतीचा प्रयोग झाला. जुळ्या बहिणींपैकी एक सडपातळ आणि एक लठ्ठ, अशा जोड्या निवडून त्यांच्या आतड्यांतले जीवाणू निर्जंतुक उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे जीवाणू मिळालेले उंदीर जास्त चरबी साठवू लागले. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे ‘सडपातळ’ जीवाणू दुसऱ्यांच्या पोटात गेले, तेथे वसले आणि चरबी वाढायची थांबली. परंतु हे केव्हा घडले? खाण्यात चरबी कमी आणि फळे-भाज्या भरपूर होत्या तेव्हाच! तेलकट, चोथाविरहित खाण्यावर ठेवलेल्या उंदरांत पाहुणे टिकलेच नाहीत. नव्या वस्तीला शिधा मिळाला नाही तर ती कशी टिकणार?

माणसांत हे कोडे जास्त गुंतागुंतीचे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यांतील जीवाणूंचा खूप अभ्यास केला आहे. २०१२ साली त्यांनी दोन एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांचे जीवाणू तपासले. एका छपराखाली राहूनही वयाप्रमाणे ही वस्ती बदलत असल्याचे दिसले. २०१७ साली पुण्याच्याच संशोधकांनी निरोगी माणसे, नुकताच मधुमेह आढळलेले आणि जुने मधुमेही यांची तुलना केली, तेव्हा वस्तीत फरक आढळला. पण जीवाणू बदलले म्हणून मधुमेह झाला, की मधुमेह झाला म्हणून जीवाणू बदलले? की बदललेल्या खाण्याने आणि औषधांनी दोन्ही घडले? केवळ तुलनेवरून हे ठरवता येत नाही. भारतात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसले. तेव्हा हा प्रश्न तुमच्या-माझ्या घरातला आहे.

म्हणूनच दुकानातल्या प्रोबायोटिक बाटल्यांकडे आपण हिशेबाने पाहावे. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकच्या तीन अटी सांगितल्या: जीवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत आणि खाणाऱ्याला त्यांचा फायदा झालेला दिसायला हवा. पहिल्या अटीने आपली कढी बाद झाली! ती उकळताना दह्यातले जीवाणू मरतात. चव आणि पोषण राहते, ते वेगळे.

दुसरी अट पाहू. दह्याच्या एका ग्रॅममध्ये १० कोटी जिवंत जीवाणू धरले, तर १०० ग्रॅमच्या वाटीत १,००० कोटी झाले. आकडा मोठा वाटतो. पण आतड्यात आधीच ३८ लाख कोटी आहेत. म्हणजे ३,८०० वस्तीच्या गावात एक पाहुणा! त्यातही पुष्कळसे जठरातल्या आम्लात मरतात. २०१८ साली वाइझमन संस्थेतच असे आढळले, की प्रोबायोटिक जीवाणू काहींच्या आतड्यात बस्तान बसवतात, तर काहींची आतडी त्यांना थाराच देत नाहीत.

मग दही खाऊ नये काय? अवश्य खावे. दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसते, कारण त्यातले जीवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात. तिसऱ्या अटीला उतरलेले प्रोबायोटिकही आहेत. ओडिशाच्या खेड्यांत ४,५०० हून अधिक नवजात बालकांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एका ठराविक वाणाच्या जीवाणूने, त्याच्या खाद्यासह दिल्यावर, जंतुसंसर्ग व मृत्यू मिळून सुमारे ४० टक्क्यांनी कमी केले. मात्र तेथे वाण ठराविक, मात्रा ठराविक आणि रोगही ठराविक होता. ‘वजन घटवा, साखर घालवा’ असे मोघम आश्वासन देणाऱ्या बाटलीच्या वेष्टनावर वाणाचे नाव आणि जिवंत जीवाणूंची संख्या आहे का, हे आधी वाचावे. घरातल्या मोठ्यांनी तिच्या भरवशावर मधुमेहाची गोळी बंद करणे तर धोक्याचे आहे.

पाहुण्यांवर खर्च करण्याआधी गावकऱ्यांची सोय पाहणे स्वस्त पडते. ज्वारीची भाकरी, सालासकट डाळी-उसळी, भाज्या आणि फळे हा त्यांचा शिधा. चोथ्याची सवय नसेल तर तो हळूहळू वाढवावा, नाहीतर गुडगुड फार होते.

आता एक प्रयोग करून पाहा. एके दिवशी दुपारी दोन संत्र्यांचा गाळलेला रस प्या आणि पुन्हा भूक केव्हा लागली ती वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दोन संत्री पांढऱ्या शिरांसकट खा आणि तशीच नोंद करा. जीवाणूंना चोथा आंबवायला बरेच तास लागतात, म्हणून पहिल्या तासा-दोन तासांतला फरक जठराचा समजावा. एका दिवसाच्या नोंदीवरून निष्कर्ष मात्र काढू नका. वर्गातल्या दहा-बारा जणांनी आठवडाभर नोंदी ठेवा, त्यांची सरासरी काढा आणि मगच ठरवा.