पितळी पट्टीचा शोध

नांदेड आणि लातूर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती. त्याच हैदराबादेत सहाव्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ काचेच्या निगेटिव्हवरून उन्हात अल्ब्युमेन प्रिंट काढत. अल्ब्युमेनचा कागद उजेडातच हळूहळू रंगतो. म्हणून मध्येच चौकटीची मागची अर्धी फळी उघडून पाहावे लागते, आणि तेवढ्यात निगेटिव्ह केसभरही सरकून चालत नाही. कॉन्टॅक्ट प्रिंटची, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून काढायच्या प्रिंटची, चौकट घडली ती या गरजेतून: पुढे काच, मागे बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, त्यांवर दाब देणाऱ्या दोन पितळी पट्ट्या.

पुढे छोट्या फिल्म आल्या, एन्लार्जर आले आणि ही चौकट मागे पडली. १२० फिल्मचे बारके प्रिंट तेवढे थेट कागदावर निघत राहिले. डिजिटलनंतर तेही थांबले.

मी या चौकटीकडे वळलो ते सायनोटाइपमुळे. १८४२ सालची जॉन हर्शेलची ही निळ्या प्रिंटची पद्धत उन्हावर चालते, आणि मराठवाड्यात उन्हाला काय तोटा! सागाची चौकट सुताराने केली. काच सहज मिळाली. तसबिरी मढवणाऱ्यांकडे बारीक पितळी स्क्रू आणि फिरकीची बटणे होती. बिजागरी नांदेडच्या वजिराबादेत सापडली. ती घेताना उघडझाप करून पाहावी. खिळ्यात ढिली असेल तर फळी तिरकी बसते आणि प्रिंटच्या एका कडेला धूसरपणा येतो.

पट्टीसाठी मात्र लातूरला गेलो. तिथल्या गंजगोलाईच्या बाजारातून सोळा रस्ते फुटतात. धातूकाम कुठे चालते हे विचारतच पुढे जावे लागते. लोखंडी पट्टी स्वस्त, पण तिचा कण ओल्या रसायनावर पडला की निळा डाग उमटतो. पितळ हवे, तेही ताठ. पितळ थंड ठोकले की ताठ होते, तापवले की मऊ पडते. ही गोष्ट मला एका वयस्कर कारागिराने हातात पट्टी वाकवून दाखवली, तेव्हा जुन्या चौकटींतल्या पट्ट्या इतकी वर्षे दाब कसा धरून आहेत ते कळले. त्यांनी पत्रा न तापवता कापला, ठोकला, मधोमध हलका बाक दिला. प्रत्येक फळीवर एक पट्टी, मधल्या एकाच स्क्रूवर फिरणारी. टोके चौकटीच्या खाचेत सरकतात. आतून बनातीचा तुकडा लावला की दाब सगळीकडे सारखा पोचतो.

आता मोठ्या निगेटिव्हसाठी दुसरी चौकट करतो आहे. तिला तीन पट्ट्या लागतील, आणि त्या त्याच कारागिराकडून घेणार आहे.